सातपूरचं पातं: एका प्रोपेलरची ओळखपरेड

प्रकरण तसं एका ओळीचं. सातपूरच्या एका बंद फाउंड्रीत विमानाच्या पंख्याचं एक पातं पस्तीसेक वर्षं भिंतीला टेकून उभं होतं. मालक वारले, शेड विकायला काढली, आणि नातवाने ते पातं निफाड तालुक्यातल्या आपल्या गावच्या शाळेला द्यायचं ठरवलं. शाळेला त्याखाली पाटी लावायची होती. मजकूरही तयार होता: ‘१९४७ साली श्रीनगरला भारतीय सैन्य उतरवणाऱ्या डकोटा विमानाचे पाते.’ मुख्याध्यापक जरा सावध निघाले. कुणा जाणत्याकडून एकदा बघून घ्या, म्हणाले. तो जाणता म्हणून मला नेलं. पात्याकडे बघून मान डोलवायची आणि चहा घेऊन परत यायचं, एवढीच माझ्याकडून अपेक्षा. मान डोलवायला मला चार महिने लागले, आणि डोलवली तेव्हा पाटीवरचं वाक्य वेगळं होतं.

मी विमानातला माणूस नाही. अंबडला टूलरूममध्ये एकतीस वर्षं गेली; मायक्रोमीटर, व्हर्नियर आणि ‘अजून पाच मायक्रॉन घे’ यावर घर चाललं. निवृत्त झाल्यावर जुन्या लष्करी मालवाहू विमानांचे तुकडे हुडकायचा नाद लागला. मालवाहूच का? लढाऊ विमानाचं नशीब बरं असतं. निवृत्त झालं की कुठल्या तरी चौकात, नाहीतर कॉलेजच्या दारात चौथऱ्यावर नाक वर करून उभं राहतं. डकोटाच्या पंखांचा पसारा ९५ फुटांचा, पॅकेटचा १०९ फुटांचा, अँटोनोव्ह-१२चा सव्वाशेच्या घरात. एवढं धूड ठेवणार कुठे? दिल्लीला पालमच्या हवाई दल संग्रहालयात डकोटा, पॅकेट, कॅरिबू बघायला मिळतात. बाकीची कापून किलोवर गेली. ज्यांनी लेहला रॉकेल आणि पीठ पोचवलं, त्यांची आठवण भंगारवाल्याच्या काट्यावर संपली, ही गोष्ट मला खटकते. म्हणून हा उद्योग.

नाशिकमध्ये या उद्योगाला एक खास अडचण आहे. ओझरला १९६४ पासून मिगचा कारखाना. लोक कामाला ‘एचएएल’मध्ये, म्हणजे हिंदुस्थान एरोनॉटिक्समध्ये, जात नाहीत, ‘मिगला’ जातात. त्यामुळे जिल्ह्यात अॅल्युमिनियमचा कुठलाही वाकडा तुकडा ‘मिगचा’ असतो. विहिरीवरच्या टाकीचं झाकण मिगचं, गोठ्याचं फाटक मिगचं. या पात्यालाही फाउंड्रीतले कामगार मिगचं पातंच म्हणत. मिग-२१ हे जेट, त्याला बाहेर पंखा नसतो, असं मी एका जुन्या मोल्डरला सांगितलं. तो म्हणाला, “मग आतलं असेल.”

काकूंची अट

फाउंड्रीचे मालक, त्यांना सगळे आप्पा म्हणत, त्यांनी १९८० च्या दशकाच्या शेवटी भंगारातून तीन पाती घेतली होती. शोभेला नाही; वितळवायला. विमानाचं अॅल्युमिनियम म्हणजे चांगला माल. विहिरीवरच्या मोटरींचे कूलिंग फॅन आणि झाकणं ते ओतत असत. दोन पाती हॅक्सॉने कापून भट्टीत गेली. तिसऱ्याच्या वेळी नवरात्र आलं. खंडेनवमीला भट्टी बंद, हत्यारांची पूजा. कुणीतरी हे पातंही भिंतीला उभं करून त्याला हळद-कुंकू वाहिलं. पूजलेली वस्तू दुसऱ्या दिवशी भट्टीत कशी घालायची? राहिलं ते राहिलंच. पुढे दरवर्षी खंडेनवमीच्या आधी त्याला सिल्व्हर पेंटचा एक हात मिळायला लागला.

मी गेलो तेव्हा आप्पांच्या पत्नी, काकू, खुर्ची टाकून दाराशी बसल्या होत्या. मी पिशवीतून काचपेपर काढलेला बघितला आणि त्या उठल्याच.

“भाऊ, रंग काढायचा नाही. यांच्या हातचा रंग आहे.”

मी म्हटलं, आकडे असतील तर रंगाखाली असतील. बराच वेळ त्या बोलल्या नाहीत. मग म्हणाल्या, “पुढून हात लावू नका. पुढून पूजा केलीय. मागून काय ते बघा.”

ही अट पुढे फार उपयोगी पडली. प्रोपेलरच्या पात्याची मागची बाजू, म्हणजे वैमानिकाकडे असणारी, चकाकी डोळ्यावर येऊ नये म्हणून काळी रंगवतात. त्या काळ्यावर स्टेन्सिलने लिहिलेलं उठून दिसतं. काकूंनी पुढची बाजू दिली असती तर मी आनंदाने तिकडूनच सुरुवात केली असती.

बेचाळीस इंचांची रेघ

पहिल्या दिवशी रंगाला हात न लावता जे दिसलं ते असं. पातं भरीव, एकसंध, घडाई केलेलं. दोघांनी मिळून उचलावं इतकं जड. टोकापासून बुडापर्यंत साधारण साडेपाच फूट. बुडाशी धातू फुगवून गळा केलेला आणि त्या गळ्याखाली पोलादी बेअरिंगच्या कड्या अडकलेल्या. या कड्या निघत नाहीत, कारण एका बाजूला फुगवलेलं बूड आणि दुसऱ्या बाजूला रुंद होत जाणारं पातं. आधीची दोन पाती बुडाशी कापली त्याचं कारण हेच, अॅल्युमिनियमच्या घाण्यात पोलाद नको. ही रचना हॅमिल्टन स्टँडर्ड या अमेरिकन कंपनीच्या हायड्रोमॅटिक प्रोपेलरची. त्यात तेलाच्या दाबाने पाती आपल्याच आसाभोवती फिरतात. इंजिन बंद पडलं की वाऱ्याला कड देऊन उभी करता येतात, म्हणजे ओढ कमी होते. फिरायचं तर बेअरिंग हवं, म्हणून त्या कड्या.

पुढच्या धारेवर, टोकापासून वीतभर आत, एक उथळ खळगी होती. बोट फिरवल्याशिवाय कळत नव्हती. अंगठा अलगद बसेल एवढी, कडा कुठेही टोचत नव्हत्या. धावपट्टीवरचा खडा उडून पात्याला टवका पडतो. तो तसाच ठेवला तर तिथून चीर जाते आणि पातं तुटतं. म्हणून मेकॅनिक कानशीने टवक्याच्या आजूबाजूचा धातू हळूहळू उतरवून खळगी गुळगुळीत करतो. या पात्याला अशा पाच खळग्या होत्या, सगळ्या टोकाच्या दीड फुटात. चार एकसारख्या, हात बसलेल्या माणसाच्या. पाचवी घाईतली, कानशीचे ओरखडे पात्याच्या लांबीला आडवे राहिले होते. आमच्या टूलरूममध्ये असं काम केलं असतं तर फोरमनने तो जॉब परत हातात दिला असता. ती पाचवी खळगी मला या पात्यातली सगळ्यात आवडती जागा वाटते. कुठल्या तरी कच्च्या पट्टीवर, पुढचं उड्डाण खोळंबलेलं असताना, कुणीतरी घाम पुसत ती घासली असणार.

पण याने विमान ठरत नाही. त्यासाठी व्यास हवा होता. पंख्याचा मधला गड्डा, म्हणजे हब, कधीच गेलेला. एकट्या पात्यावरून पूर्ण पंख्याचा व्यास कसा काढायचा?

इथे टूलरूम कामी आलं. या प्रोपेलरच्या पात्याचा कोन हबच्या केंद्रापासून ४२ इंचांवर मोजायची पद्धत आहे, आणि मापायला सोपं जावं म्हणून तिथे पात्यावर एक आडवी रेघ असते. मागच्या बाजूचा रंग थिनरच्या बोळ्याने अगदी सावकाश पुसत गेलो. टोकाकडे आधी चार इंचांचा पिवळा पट्टा निघाला, मग काळा, आणि मग ती रेघ. टोकापासून रेघेपर्यंत टेप लावला: २७ इंच. बेचाळीस आणि सत्तावीस एकोणसत्तर, दुप्पट १३८. म्हणजे व्यास साडेअकरा फूट. हब समोर नसताना व्यास मिळाला. मी शेडमध्ये एकटाच हसलो, आणि काकूंनी आतून विचारलं, “काय सापडलं?” रेघ सापडली म्हटलं, तर त्यांना त्यात हसण्यासारखं काही वाटलं नाही.

उमेदवार

आपल्याकडे उडालेल्या मोठ्या लष्करी विमानांपैकी तीन पात्यांचे पंखे कुणाचे, हे मी वहीत मांडलं. अँटोनोव्ह-१२ आणि कानपूरला बनलेलं ॲव्हरो चार पात्यांचे, ते बाद. एअर इंडियाकडून हवाई दलाकडे आलेलं सुपर कॉन्स्टेलेशन तीन पात्यांचं, पण पंखा पंधरा फुटांचा, बाद. कॅरिबूचा तेरा फुटांचा, तेही बाद. ऑटर हे एक इंजिनाचं छोटं विमान, त्याचा पंखा त्याच्या मानाने लहान.

उरली दोन. एक डकोटा. दुसरं लिबरेटर.

लिबरेटर हे नाव काढलं की नातवाचा चेहरा पडला. “काका, ते तर बॉम्बर ना?” हो, बॉम्बरच. पण दोन्ही विमानांवर इंजिन एकाच कुळातलं: प्रॅट अँड व्हिटनीचं ट्विन वास्प, १४ सिलिंडर, १२०० अश्वशक्ती. डकोटाला दोन, लिबरेटरला चार. पंखेही हॅमिल्टन स्टँडर्डचेच, तीन पात्यांचे, मापाला जवळपास सारखे. बुडाच्या तोंडावर पंच केलेला आकडा मी कागद ठेवून पेन्सिलीने घासून उतरवला: ६४७७ए-०. डकोटावर हे पातं चालतं. पण हे कुळच असं की एवढ्याने लिबरेटर सुटत नाही.

आणि लिबरेटर भारतात होती कशी, ही गोष्ट सांगायचा मोह आवरत नाही. दुसरं महायुद्ध संपलं तेव्हा कानपूरला या विमानांचा ढीग टाकून परकी सैन्यं निघून गेली. जाताना ती पुन्हा उडू नयेत म्हणून मोडतोड करून ठेवली. हिंदुस्थान एअरक्राफ्टच्या, म्हणजे पुढच्या एचएएलच्या, माणसांनी त्या ढिगातून एकेक विमान कसंबसं उडण्याजोगं करून बंगळूरला नेलं आणि तिथे पूर्ण दुरुस्त केलं. अशी चाळीसच्या आसपास विमानं उभी राहिली. १९४८ पासून हवाई दलाने ती वापरली, थेट १९६८ पर्यंत. भंगारातून हवाई दल उभं करणं म्हणतात ते हे. (हीच कंपनी १९४० साली वालचंद हिराचंदांनी बंगळूरला काढली. मालेगाव तालुक्यातला रावळगावचा साखर कारखानाही त्यांचाच, त्यामुळे नाशिककराने विमान आणि रावळगावची गोळी एकाच वंशावळीत धरायला हरकत नाही.)

‘कानपूर माल’

आता कागद. पाती विकणारा भंगारवाला हयात नव्हता. अंबड लिंक रोडवरचा भंगार बाजार जानेवारी २०१७ मध्ये हटवला गेला आणि दुकानदार चारी दिशांना पांगले. भंगारवाल्याचा मुलगा मला तिसऱ्या खेपेला भेटला. पावतीपुस्तकं सामान हलवताना गेली, म्हणाला. श्रीनगरची गोष्ट कुठून आली, तेवढं मात्र त्याने हसत सांगितलं. त्याचे वडील विमानाच्या प्रत्येक तुकड्याबद्दल गिऱ्हाइकाला तेच सांगत: “कश्मीर की लड़ाई का माल है. कश्मीर बोला की भाव चढ़ता था, चाचा.”

आप्पांनी ‘कश्मीर’ ऐकलं. पुढे कुणीतरी त्याला १९४७ जोडलं. तेही समजण्यासारखं आहे, कारण त्या वर्षाची गोष्टच तशी आहे. २७ ऑक्टोबर १९४७ ला सकाळी दिल्लीहून डकोटा उडाली, पहिल्या शीख पलटणीचे जवान घेऊन श्रीनगरला उतरली, आणि पलटणीचे प्रमुख लेफ्टनंट कर्नल रणजित राय त्याच दिवशी मारले गेले. पुढच्या मे महिन्यात एअर कमोडोर मेहर सिंग यांनी जनरल थिमय्यांना बरोबर घेऊन डकोटा लेहला उतरवली. डकोटा म्हटलं की लोकांना हेच आठवतं.

भंगारवाल्याकडे कागद नव्हता, पण आप्पांकडे होता. काकूंनी पत्र्याच्या ट्रंकेतून लाल कापडी बांधणीची वही काढली. खरेदीच्या पानावर, कोळसा आणि वाळूच्या नोंदींच्या मधे, एक ओळ: ‘विमान पंखा पाती ३ नग, कानपूर माल’. पुढे वजन आणि रक्कम.

कानपूर! नातू खूश झाला, कारण हवाई दलाचा मालवाहू विमानांचा दुरुस्ती डेपो कानपूरलाच आहे. माझ्या पोटात गोळा आला, कारण लिबरेटरचा ढीगही कानपूरचाच. चाळीस विमानं दुरुस्त झाली म्हणजे उरलेल्यांचे सुटे भाग कुठे तरी पडून असणारच, आणि सुटे भाग पडून राहायचे तर चाळीस वर्षंही राहतात. एकाच शब्दाने दोन्ही उमेदवारांना मत दिलं होतं.

माझी चूक

आता उरला मागच्या बाजूचा मधला भाग. थिनर आणि कापसाने दिवसाला तळहाताएवढी जागा होत होती. पस्तीसेक वर्षांचे पस्तीसेक थर. तिसऱ्या दिवशी माझा धीर सुटला. घरून जेलचा पेंट रिमूव्हर आणला, ब्रशने लावला, दहा मिनिटं थांबलो. सिल्व्हरचे थर सुरकुतून वर आले, दुधावरच्या सायीसारखे. पत्रीने ओढले. खाली पिवळट अक्षरांची ओळ दिसली, मी चष्मा वर केला, आणि माझ्या डोळ्यांदेखत तिचा उजवा कोपरा विरघळला.

रिमूव्हरला आप्पांचा रंग कुठला आणि जुनं स्टेन्सिल कुठलं हे कळत नाही. पहिल्या वर्षाची प्रशिक्षणार्थी पोरं अशी चूक करतात तेव्हा मी त्यांना काय बोललोय ते आठवून लाज वाटली. ओल्या फडक्याने सगळं पुसेपर्यंत जे राहिलं ते असं: ओव्हरहॉलची दोन इंग्रजी अक्षरं, मग सप्टेंबर महिन्याची तीन अक्षरं, मग वर्षाच्या दोन आकड्यांपैकी पहिला, स्वच्छ सात. दुसऱ्या आकड्याच्या जागी गोलसर डाग. शून्य असेल, तीन असेल, सहा असेल, आठ असेल. टॉर्च तिरका धरून फोटो काढले, काही उपयोग झाला नाही. तो आकडा मी खाल्ला.

पण सात राहिला. सत्तरच्या दशकात या पात्याची दुरुस्ती झाली होती, आणि लिबरेटर १९६८ मध्येच निवृत्त झाली. जे विमान उडतच नाही, त्याचं पातं कुणी ओव्हरहॉल करून तारीख घालत नाही. उरली डकोटा. ती हवाई दलात ऐंशीच्या दशकापर्यंत उडत होती. शिवाय ‘कानपूर माल’ आता दुसऱ्या बाजूने बोलायला लागला: सत्तरच्या दशकात डकोटा नागरी कंपन्यांकडेही होत्या, पण कानपूरहून लिलावात निघालेला माल म्हटला की वजन हवाई दलाच्या पारड्यात जास्त पडतं.

कुठल्या विमानाचं?

मी हे सगळं मुख्याध्यापकांना सांगितलं. त्यांनी नीट ऐकून घेतलं. मग पेन काढत म्हणाले, “म्हणजे १९४७ नाही. मग सर, १९७१ लिहू या? टांगाईलला डकोटातून छत्रीधारी उतरवले होते ना?”

उतरवले होते. ११ डिसेंबर १९७१, ढाक्याच्या उत्तरेला टांगाईल. डकोटा, पॅकेट, अँटोनोव्ह-१२, कॅरिबू, सगळी होती. आणि विरघळलेला आकडा शून्य असेल तर तारीख बरोब्बर जुळते. खोटं कशाला बोलू, माझंही मन त्या शून्याकडे धावलं होतं. एक कथा काढून घेतल्यावर त्या जागी दुसरी ठेवावीशी वाटतेच.

मग त्यांना एक गोष्ट समजावून सांगायला लागली. पातं कुणा एका विमानाचं नसतं. पंखा ठरावीक तासांनी उतरवतात, डेपोत खोलतात, तपासतात, परत जुळवतात आणि शेल्फवर ठेवतात. पुढचं जे विमान पंखा मागत येईल, त्याला तो लागतो. वीस-तीस वर्षांच्या आयुष्यात एक पातं किती विमानांवर फिरलं, हे फक्त त्याच्याबरोबर चालणाऱ्या नोंदपत्रावरून कळतं. भंगारात माल निघतो तेव्हा धातू वजनाने विकला जातो, नोंदपत्राला वजन नसतं. बुडावरचा अनुक्रमांक आजही वाचता येतो. तो ज्या कागदाशी जुळवायचा तो कागद शेवटच्या लिलावाच्या आधीच सुटला. लष्करी डकोटा दहा हजारांवर बनल्या. ‘हे त्याच विमानाचं’ म्हणणं म्हणजे सिटी बसच्या सीटवर बोट ठेवून आमचे आजोबा इथेच बसायचे म्हणण्यासारखं.

याच्या अगदी उलट प्रकरण हिमाचलातल्या लाहौलच्या हिमनदीचं. ७ फेब्रुवारी १९६८ ला चंदीगडहून लेहला निघालेलं अँटोनोव्ह-१२ खराब हवेमुळे परत फिरलं आणि १०२ माणसांसकट नाहीसं झालं. २००३ साली गिर्यारोहकांना ढाका हिमनदीवर पहिले अवशेष मिळाले. २०१९ च्या शोधमोहिमेत इंजिन, प्रोपेलर, कॉकपिटचं दार असे भाग सापडले. २०२४ मध्ये आणखी चार जवानांचे देह खाली आणले गेले. तिथे मिळालेल्या तुकड्यावर एक अक्षर नसलं तरी तो कुठल्या विमानाचा हे विचारावं लागत नाही. जागाच सांगते. सातपूरच्या भिंतीला टेकलेलं पातं जागेवरून काहीच सांगत नाही.

मुख्याध्यापकांनी शेवटचा मुद्दा काढला, आणि तो चांगला होता. “पण सर, ते परशुराम नावाचं डकोटा २०१८ मध्ये इंग्लंडहून आणलं, त्यावर तर श्रीनगरच्याच विमानाचा नंबर आहे.” आहे, व्हीपी ९०५. तेव्हाचे खासदार राजीव चंद्रशेखर यांनी ते हवाई दलाला दिलं. त्यांचे वडील डकोटाचे वैमानिक. पण ते विमान १९४७ चं व्हीपी ९०५ नव्हे. त्याच जातीचं दुसरं विमान दुरुस्त करून त्यावर त्या क्रमांकाचा मान चढवला आहे. मूर्ती नवी, नाव कुळदैवताचं. त्यात गैर काही नाही. फक्त पाटी लिहिणाऱ्याला तो फरक माहीत हवा.

ते जरा वेळ गप्प बसले. मग म्हणाले, “मुलं विचारतील, मग यात विशेष काय?”

मी त्यांना शेडमध्ये नेलं आणि पाचव्या खळगीवर त्यांचं बोट ठेवलं.

याच नादातल्या इतरांसाठी कामाच्या दोन गोष्टी. भंगारात जुने काटे असलेले डायल दिसले तर घरी आणू नका. अंधारात दिसावेत म्हणून त्यांवर रेडियम लावलेलं असे, आणि ते पन्नास वर्षांत संपत नाही. आणि ओझर-देवळालीच्या पट्ट्यात कुणी पावतीशिवाय विमानाचा भाग देऊ लागला तर हात मागे घ्या. तो निवृत्त विमानाचाच असेल याची खात्री नसते, आणि नसला तर पोलिसांना तुमचा नाद समजावून सांगणं कठीण जातं.

पाटी

मजकुरावर दोन संध्याकाळी गेल्या. ‘बहुधा’ हा शब्द पाटीवर नको, असं संस्थेच्या एका सभासदाचं मत; पाटीवर शंका शोभत नाही म्हणे. तो शब्द नसेल तर माझी मान डोलणार नाही, असं मी सांगितलं. काकूंनी मिटवलं. “आपल्याला बहुधा माहीत आहे, तर बहुधाच लिहा. हे असते तर त्यांनीही वहीत तसंच लिहिलं असतं.” दोन पात्यांबद्दलची ओळही त्यांनीच घालायला लावली. शेवटी संगमरवराचा खर्च वाचवून पत्र्यावर रंगवलेली पाटी अशी झाली:

‘डकोटा विमानाच्या प्रोपेलरचे पाते. अमेरिकन बनावट. बहुधा भारतीय हवाई दलाच्या वापरातले. १९७० च्या दशकात दुरुस्तीची नोंद. अशी तीन पाती सातपूरला आली. दोन वितळवून त्यांचे विहिरीवरच्या मोटरींचे पंखे झाले.’

पातं आता शाळेच्या व्हरांड्यात लोखंडी चौकटीत उभं आहे, दोन्ही बाजूंनी बघता येईल असं. पुढून चंदेरी, मागून काळं. माझ्या रिमूव्हरचा डागही ठेवला आहे.

कार्यक्रम संपल्यावर पाटी वाचून एक शेतकरी माझ्याकडे आला आणि थांबा म्हणून गेला. अर्ध्या तासाने मोटरसायकलवर परतला. कापडी पिशवीत जुन्या मोटरचा कूलिंग फॅन, एक पाकळी तुटलेला. मागे ओतीव अक्षरांत आप्पांच्या फाउंड्रीची खूण होती. मी व्हर्नियर काढला, उगाचच मापं घेतली, आणि म्हटलं, खूण खरी आहे. यात ते पातं आहे की नाही, हे मात्र कुणालाच सांगता यायचं नाही.

“नका सांगू,” तो म्हणाला, आणि फॅन परत पिशवीत घालून घेऊन गेला.